बहिणीला ल्युपस, वायसोलोन चालू आहे. घरच्यांनी दिलेली चूर्णं आणि कॅप्सूल सोबत चालतील का?

पन्हाळ्याची

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब झालीय, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

माझी धाकटी बहीण 31 वर्षांची आहे, कोल्हापुरात प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या वर्षी तिला ल्युपस निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार. आधी बोटांचे सांधे सुजायचे, उन्हातून आली की गाल लालभडक व्हायचे. पुढे लघवीतून प्रथिनं जाताहेत हे कळलं आणि किडनीची बायोप्सी झाली. सध्या तिला रोज सकाळी नाश्त्यानंतर वायसोलोन 30 मिग्रॅ हे स्टेरॉईड आहे (60 पासून हळूहळू उतरवत आणलंय), मायकोफेनोलेट दोन वेळा, एचसीक्यूएस 200 (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन), कॅल्शियम 500, सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल आणि आठवड्यातून एकदा व्हिटॅमिन डीचं 60,000 चं सॅशे. पायांवर सूज येते म्हणून महिनाभरापासून लघवी वाढवणारं लॅसिक्स 40 सुद्धा आहे.

प्रश्न या औषधांचा नाही. घरातून आणि नातेवाइकांकडून जे येतंय त्याचा आहे.

मामांनी गुळवेलीचं सत्त्व आणि अश्वगंधाच्या कॅप्सूल आणून दिल्या, प्रतिकारशक्ती वाढेल म्हणून. भावोजींनी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल मागवल्या, त्यात काळ्या मिरीचाही अर्क आहे. शेजारच्या काकू अशक्तपणावर अल्फाल्फाचं टॉनिक देतात. गोळ्यांनी जळजळतं म्हणून आई तिला ज्येष्ठमधाची पूड दुधातून दोन वेळा देते, आणि पोट साफ व्हावं म्हणून रात्री स्वादिष्ट विरेचन चूर्ण. सगळे मायेने करतात, तीही कुणाला नाही म्हणत नाही. डॉक्टरांना यातलं काहीच माहीत नाही. ओपीडीत इतकी गर्दी असते की आईची विचारायची हिंमत होत नाही, आणि चूर्णाला आमच्याकडे कुणी औषध मानतच नाही.

अलीकडे ती म्हणते, पोटऱ्यांत गोळे येतात, शाळेचा जिना चढताना मांड्या भरून येतात. बीपी 130 च्या आसपास असायचं, परवा 152/96 भरलं. सगळे म्हणतात, स्टेरॉईडमुळे होतं. पुढची तारीख तीन आठवड्यांनी आहे.

यातलं काय चालतं, काय नाही? आणि मामांचं म्हणणं आहे की गुळवेल सुरू झालीच आहे तर वायसोलोन बंद करून बघा. मला ते पटत नाही, पण त्यांच्यापुढे बोलायला माझ्याकडे नेमकी माहिती नाही.

ठाण्याची_रेवा

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं. वायसोलोन बंद करायचं नाही. अजिबात नाही. मलाही ल्युपस आहे आणि माझ्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक मुलगी होती, तिने गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या होत्या. उलट्या, बीपी खाली, शुद्ध हरपत चाललेली, अशा अवस्थेत तिला आणलं होतं. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण मामांना एवढं आजच सांगा.

मिरजवाली

पन्हाळ्याची, मी मिरजेला एका हॉस्पिटलच्या औषध विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. तुझी पोस्ट वाचताना पोटऱ्यांतले गोळे, भरून येणाऱ्या मांड्या आणि वाढलेलं बीपी इथे थांबले, म्हणून आधी तेवढंच सांगते.

तीन आठवडे थांबू नकोस. उद्याच्या उद्या तिचे सीरम इलेक्ट्रोलाइट्स करून घ्या, म्हणजे सोडियम-पोटॅशियम. साधी रक्ततपासणी आहे, उपाशी जावं लागत नाही, बहुतेक ठिकाणी संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मिळतो. छातीत धडधड झाली, ठोके चुकल्यासारखे वाटले, चक्कर आली किंवा पाय उचलेनासे झाले तर तपासणीचीही वाट बघू नका, सरळ कॅज्युअल्टीत न्या.

कारण असं की शरीरातलं पोटॅशियम बाहेर घालवणाऱ्या चार गोष्टी तिच्या पोटात एकाच वेळी जाताहेत आणि त्यातल्या दोनच डॉक्टरांना ठाऊक आहेत. वायसोलोन म्हणजे प्रेडनिसोलोन, त्याने पोटॅशियम थोडं कमी होतं. लॅसिक्सने चांगलंच कमी होतं. डॉक्टर हे दोन्ही हिशेबात धरूनच देतात. तिसरा तो ज्येष्ठमध. आणि चौथं रात्रीचं चूर्ण, कारण स्वादिष्ट विरेचनात सोनामुखी असते, ती जुलाबावाटे पोटॅशियम घालवते. शिवाय त्याच चूर्णात ज्येष्ठमधही असतो. डब्यावरचे घटक वाच, बहुधा 'यष्टिमधु' असं लिहिलेलं असेल. म्हणजे आई दिवसातून दोन वेळा देते असं तुला वाटतंय, प्रत्यक्षात ती तीन वेळा देते आहे.

ज्येष्ठमधाचं जरा सविस्तर सांगते, कारण तो आपल्या घरात इतका सौम्य समजला जातो की त्याच्यावर कुणाचा संशयच जात नाही. कॉर्टिसोल हे आपल्या शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड. ते मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला लावू नये म्हणून तिथे एक एन्झाइम पहाऱ्याला असतं, ते कॉर्टिसोलचं निष्क्रिय कॉर्टिसोन करून टाकतं. ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनपासून पोटात जे द्रव्य बनतं ते याच एन्झाइमला अडवतं. तुझ्या बहिणीचं स्वतःचं कॉर्टिसोल औषधामुळे दबलेलं असेल, पण प्रेडनिसोलोनही याच एन्झाइमकडून निष्क्रिय होत असतं. पहारा उठला की ते रक्तात जास्त वेळ रेंगाळतं आणि मूत्रपिंडावर जास्त जोर करतं. मीठ आणि पाणी अंगात साठतं, पाय सुजतात, बीपी चढतं, पोटॅशियम लघवीतून निघून जातं. आता तूच बघ, सुजेसाठी डॉक्टरांनी लॅसिक्स दिलं आणि सूज वाढवू शकणारी वस्तू दुधातून चालूच राहिली.

हे नव्याने कळलेलं नाही. 1946 साली हॉलंडमध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी पोटातल्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क देऊन बघितला. जळजळ थांबली, पण काही रुग्णांचे पाय आणि चेहरे सुजले. म्हणजे आईचा अनुभव खोटा नाही, जळजळीला त्याने आराम पडतो. पण स्टेरॉईड आणि लॅसिक्स घेणाऱ्या माणसाला तो आराम फार महागात पडतो. निरोगी माणसानेसुद्धा दिवसाला 100 मिलिग्रॅम ग्लिसिरायझिनच्या वर जाऊ नये असं युरोपातल्या तज्ज्ञ समितीचं मत आहे, आणि चमचा-चमचा पूड दोनदा घेतली तर ती मर्यादा सहज ओलांडली जाऊ शकते.

अजून एक. एचसीक्यूएसमुळे हृदयाच्या विद्युतचक्राचा एक टप्पा थोडा लांबतो. एरवी त्याचा त्रास होत नाही. पण पोटॅशियम घसरलेलं असेल तर ठोक्यांची लय बिघडायचा धोका वाढतो. म्हणून मी उद्याच्या उद्या म्हणते आहे.

तेव्हा ज्येष्ठमध आणि रात्रीचं चूर्ण आजपासून बंद. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं मात्र एकही बंद नाही, लॅसिक्ससुद्धा नाही. रिपोर्ट आला की त्याचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. बद्धकोष्ठतेवर तोवर इसबगोल चालेल, भरपूर पाण्यातून, आणि गोळ्यांपासून दोन तास लांब. फक्त सुजेमुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर इसबगोलही विचारून घ्या.

बाकीच्या डब्यांबद्दल उद्या लिहिते. आज एवढंच करा.

पन्हाळ्याची

काकू, हात थरथरतोय लिहिताना. आईला फोन केला, दोन्ही डबे तिने उचलून ठेवले. चूर्णाच्या डब्यावर यष्टिमधु आणि सनाय दोन्ही लिहिलंय. भावोजी सकाळी तिला लॅबमध्ये घेऊन जाताहेत.

मिरजवाली

सनाय म्हणजे सोनामुखीच. छान, काम झालं. आता बाकीचं.

गुळवेल आणि अश्वगंधा. मामांचा हेतू चांगला आहे, पण दिशा उलटी आहे. ल्युपसमध्ये प्रतिकारशक्ती कमी पडत नाही, ती स्वतःच्याच शरीरावर चालून जाते, इथे तर थेट किडनीवर. वायसोलोन आणि मायकोफेनोलेट तिला आवरायला दिलेले आहेत. त्याच वेळी तिला चेतवायचा प्रयत्न करणारं काही पोटात गेलं तर डॉक्टर डोस उतरवतील कसा? एकिनेशिया या परदेशी वनस्पतीच्या गोळ्या हल्ली प्रतिकारशक्तीसाठी म्हणून ऑनलाइन मिळतात, त्यांचंही हेच. आणि यकृताचा मुद्दा वेगळा आहे. करोनाकाळात घरोघर गुळवेलीचे काढे झाले, तेव्हा मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी 6 रुग्णांची नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध केली होती. गुळवेल घेतल्यावर त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि काहींमध्ये ती ऑटोइम्यून प्रकारची, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटल्याने झालेली होती. आयुष मंत्रालयाने तेव्हा आक्षेप घेतला, की वनस्पती खरी गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात, याची खात्री केलेली नाही. तो वाद ज्यांचा त्यांनी मिटवावा. तुझ्या बहिणीला आधीच ऑटोइम्यून आजार आहे, तिच्या शरीरावर हा प्रयोग नको. अश्वगंधानेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

हळदीच्या कॅप्सूल. पोह्यांतली, आमटीतली, दुधातली चिमूटभर हळद खुशाल खाऊ दे, तिला कुणी बोट लावत नाही. कॅप्सूलमध्ये अर्क असतो, आणि त्यात मिरीतलं पिपरीन मुद्दाम घातलेलं असतं, कारण नुसतं कुरक्युमिन रक्तात फार कमी पोचतं. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमध्ये 1998 साली दाखवलं गेलं की पिपरीन सोबत दिलं तर माणसात ते वीस पट जास्त पोचतं. जाहिरातीत हाच आकडा वापरतात. पण पिपरीन फक्त हळदीला मदत करून थांबत नाही. यकृतात आणि आतड्यात औषधांची विल्हेवाट लावणाऱ्या एन्झाइमना ते मंदावतं, आणि प्रेडनिसोलोनची काही प्रमाणात विल्हेवाट त्याच मार्गाने लागते. आपल्याच देशात क्षयरोगावरचं एक संयुक्त औषध या गुणावर उभं आहे: रिफॅम्पिसिन 450 ऐवजी 200 मिग्रॅ आणि सोबत पिपरीन 10 मिग्रॅ. पिपरीनच्या जोरावर औषधाचा डोस निम्म्याखाली आणता येत असेल, तर ज्याचा डोस डॉक्टर पाच-पाच मिलिग्रॅमने मोजून उतरवताहेत त्या औषधासोबत ते आपल्या मनाने घेऊ नये. कुरक्युमिनच्या कॅप्सूलनेही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेतून आल्या आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या गोळीत पिपरीन होतं.

अल्फाल्फा. याबद्दल मी सगळ्यात ठाम आहे. अल्फाल्फा म्हणजे तुमच्याकडे गाई-म्हशींना घालतात ती लसूणघास. तिच्या बियांत आणि कोंबांत एल-कॅनाव्हनिन नावाचं अमिनो आम्ल असतं. 1982 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी माकडांना अल्फाल्फाचे कोंब खाऊ घातले, तर त्यांच्यात ल्युपससारखा आजार उभा राहिला. ल्युपसच्या रुग्णांनी अल्फाल्फाच्या गोळ्या आणि कोंब टाळावेत हा सल्ला जगभर दिला जातो. टॉनिकच्या बाटलीत त्याचं प्रमाण किती, हा वेगळा प्रश्न आहे. ज्या रोगात हे नाव निषिद्धांच्या यादीत येतं त्या रोगात ते घ्यायचं कशाला? काकूंना सांग, त्याऐवजी रोज एक उकडलेलं अंडं किंवा वाटीभर मूग आणून द्या. फक्त प्रथिनं किती घ्यायची हे किडनीच्या डॉक्टरांना विचारूनच.

कॅल्शियम आणि डी मात्र बंद करू नका. घरात आवराआवर सुरू झाली की लोक सगळंच बंद करून टाकतात, म्हणून सांगते. तीन महिन्यांहून जास्त काळ स्टेरॉईड घेणाऱ्याची हाडं ठिसूळ होतात, आहार धरून दिवसाला 1000 ते 1200 मिग्रॅ कॅल्शियम लागतं. 60,000 चं सॅशे मात्र आठवड्याचं आहे ना, हे कॅलेंडरवर खूण करून पाळा. ते रोज घेऊन कॅल्शियम भयंकर वाढलेले लोक मी बघितले आहेत.

आयंडहोवनकर

मिरजवाली काकूंनी हॉलंडचा उल्लेख केला म्हणून लिहितो. इथे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या, ज्याला ड्रॉप म्हणतात, प्रत्येक दुकानात, प्रत्येक ऑफिसच्या टेबलावर असतात, आणि खारटही असतात. मला आतड्याच्या आजारासाठी स्टेरॉईड सुरू झालं तेव्हा इथल्या अपोथेकमधल्या बाईंनी गोळ्या हातात देताना दोनच प्रश्न विचारले: ड्रॉप खाता का, आणि ग्रेपफ्रूटचा रस पिता का. ड्रॉप बंद करा म्हणाल्या, आणि माझं औषध ब्युडेसोनाइड असल्याने ग्रेपफ्रूटही बंद. भारतात औषधाच्या दुकानात हा प्रश्न मला कुणी विचारल्याचं आठवत नाही, विचारायला हवा.

मिरजवाली

बरोबर सांगितलं त्यांनी. ग्रेपफ्रूटने ब्युडेसोनाइडची रक्तातली पातळी जवळजवळ दुप्पट होते, मेथिलप्रेडनिसोलोनची म्हणजे मेड्रॉलचीही वाढते. साध्या प्रेडनिसोलोनवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. स्टेरॉईड हे एका औषधाचं नाव नाही, त्यामुळे एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये. डबीवर कोणतं नाव आहे ते बघूनच विचारा.

वैद्य_वाईकर

मी बीएएमएस वैद्य आहे, वाईला माझं चिकित्सालय आहे. वर जे लिहिलंय त्याला माझी सहमती आहे आणि वैद्य म्हणून थोडी भर घालतो.

गुळवेल, अश्वगंधा, ज्येष्ठमध ही आमची रसायनं. म्हणूनच ती प्रभावी आहेत, आणि प्रभावी वस्तू रोग्याची प्रकृती, अवस्था, चालू औषधं बघून द्यायची असते. 'आयुर्वेदिक आहे, अपाय नाही' हे वाक्य कोणत्याही संहितेत नाही, ते जाहिरातीतलं आहे. माझ्याकडे स्टेरॉईड चालू असलेला रुग्ण आला तर मी आधी त्याची फाइल मागतो आणि गरज पडली तर त्याच्या डॉक्टरांना फोन करतो. ल्युपसमध्ये किडनी गुंतलेली असताना मी या ताईंना यातलं काहीही दिलं नसतं.

गुग्गुळाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. सांधे दुखतात म्हणून उद्या कुणी योगराज गुग्गुळ आणून देईल. गुग्गुळातलं गुग्गुलस्टेरॉन काही औषधांची यकृतातली विल्हेवाट वाढवतं, म्हणजे पिपरीनच्या अगदी उलट. माणसांवरच्या अभ्यासात त्याने डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलोल या बीपी-हृदयाच्या औषधांची पातळी खाली आणलेली आहे. प्रेडनिसोलोन त्याच वाटेने जाणारं असल्याने तेही कमी पडू शकतं, हा धोका घेऊ नये. पाश्चात्त्य देशांत नैराश्यासाठी विकली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती याच कारणाने स्टेरॉईडसोबत वर्ज्य सांगतात. परदेशातून नातेवाईक आणतात, म्हणून नाव लक्षात असू द्या.

आणि त्या मामांना माझा निरोप द्या. स्टेरॉईड तीन आठवड्यांहून जास्त चाललं की शरीराच्या अधिवृक्क (अ‍ॅड्रिनल) ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं जवळजवळ थांबवतात. त्या पुन्हा कामाला लागायला आठवडे-महिने लागतात, म्हणून डोस पायरीपायरीने उतरवायचा. एकदम बंद केलं तर जीव जाऊ शकतो. एक वैद्य हे सांगतोय म्हटल्यावर कदाचित ऐकतील.

माढेकर

विषय थोडा वेगळा आहे, पण इथेच लिहितो. वडिलांना दम्यासाठी डॉक्टरांनी अधूनमधून प्रेडनिसोलोनचा कोर्स दिलेला. त्याच काळात गुडघ्यांसाठी ते बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका माणसाकडून पुड्या आणायचे, 'जडीबुटी' म्हणून. गुडघे चार दिवसांत मोकळे झाले, सगळ्या गावाला कौतुक. हळूहळू चेहरा गोल झाला, मानेमागे चरबी आली, साखर 340. सोलापूरला दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की पुडी घेता का. त्यांच्या मते त्या पुडीत स्टेरॉईड मिसळलेलं होतं. म्हणजे वडील दोन्हीकडून स्टेरॉईड घेत होते आणि आम्हाला एकच माहीत होतं.

मिरजवाली

माढेकर, विषय अजिबात वेगळा नाही. चार दिवसांत चमत्कार करणारी सांधेदुखीची किंवा दम्याची पुडी दिसली की आत स्टेरॉईड असण्याची शक्यता आधी धरायची. हे फक्त आपल्या बाजारात होतं असंही नाही. अमेरिकेत 'आर्ट्री किंग' नावाचं सांधेदुखीचं सप्लिमेंट हर्बल म्हणून विकलं जात होतं. तिथल्या औषध प्रशासनाने 2022 मध्ये जाहीर केलं की त्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड आणि डायक्लोफेनॅक निघालं, लेबलवर दोन्हींचा पत्ता नाही. डेक्सामेथासोन प्रेडनिसोलोनपेक्षा कितीतरी जोरकस आहे. शिवाय स्टेरॉईड आणि डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक एकत्र गेलं की पोटात अल्सर होऊन रक्तस्राव व्हायचा धोका बराच वाढतो. वडिलांची पुडी बंद करतानाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली करा, वैद्यांनी वर सांगितलेला ग्रंथींचा मुद्दा तिथेही लागू आहे.

पन्हाळ्याची, रिपोर्ट आला का?

पन्हाळ्याची

काकू, आत्ता जरा बसायला मिळालं.

पोटॅशियम 2.8 आलं. लॅबवाल्यांनी रिपोर्टची वाट न बघता फोनच केला. भावोजींनी तिला तसंच हॉस्पिटलात नेलं, ईसीजीत थोडे बदल होते म्हणून रात्रभर मॉनिटरवर ठेवलं. सलाइनमधून आणि सिरपने पोटॅशियम दिलं. दुसऱ्या दिवशी 3.4 होतं. तिच्या नेहमीच्या डॉक्टर स्वतः वॉर्डात आल्या. मी सगळे डबे पिशवीत भरून घेऊन जायला सांगितलं होतं, ते त्यांनी एकेक करून बघितले, घटक वाचले, फाइलमध्ये नावं लिहून घेतली. रागावल्या नाहीत. आईला म्हणाल्या, यापुढे प्रत्येक वेळी येताना अशीच पिशवी आणा, गर्दी असली तरी मी बघेन.

यकृताची एसजीपीटी तपासणीही करून घेतली, 78 आलं, म्हणजे वाढलेलं. गुळवेल की हळदीची कॅप्सूल की आणखी काही, हे सांगता येणार नाही म्हणाल्या. सगळं बंद ठेवून पुन्हा तपासू. लॅसिक्स सध्या थांबवलंय. बीपी आजच 138/88 होतं. ज्येष्ठमधाचा परिणाम जायला एक-दोन आठवडे लागतात, तोवर रोज बीपी मोजून वहीत लिहायचं आणि दोन दिवसांनी पुन्हा पोटॅशियम. वायसोलोन 30 वरच, त्याला हात लावायचा नाही.

आई खूप रडली. तिला मी सांगितलं की जळजळीला त्याने आराम पडतो हे 1946 मध्ये डॉक्टरांनीही बघितलं होतं, तुझं काही खोटं नव्हतं. मग जरा शांत झाली. मामांना वैद्यांचा निरोप वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, गुळवेल परत घेऊन जातो.

आता शंका अशा: पोटॅशियमसाठी आई केळी आणि शहाळ्याचं पाणी द्यायला लागलीय, चालेल ना? जळजळीसाठी घरात पातळ अँटासिडची बाटली आहे, ती कधी द्यायची? आणि गणपतीत आमच्याकडे पपनस असतं, ते चालतं का?

मिरजवाली

वाचून फार बरं वाटलं ग. योग्य माणसांच्या हातात आहे ती.

केळी आणि शहाळं डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच. पोटॅशियम सिरप चालू आहे, लॅसिक्स थांबलंय, आणि पुढे किडनीसाठी टेल्मिसार्टनसारखं बीपीचं औषध आलं तर पोटॅशियम उलट वर जातं. ल्युपसने दुखावलेल्या किडनीला ते वाढलेलंही झेपत नाही. दोन दिवसांनी होणाऱ्या रिपोर्टवर ठरवा. बिनमिठाचं मीठ म्हणून जे विकतात ते पोटॅशियम क्लोराइड असतं, बीपीसाठी कुणी आणून दिलं तर तेही विचारल्याशिवाय नको. लोणचं-पापड मात्र आत्तापासून कमी करा.

अँटासिड. मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमवालं असेल तर ते मायकोफेनोलेटचं शोषण कमी करतं, एचसीक्यूएसचंही करतं. एचसीक्यूएसपासून चार तास लांब ठेवायचं आणि मायकोफेनोलेटसोबत घ्यायचं नाही. तिच्या दिवसात एवढी मोकळी जागा सापडणं अवघड आहे, म्हणून जळजळ राहिलीच तर बाटली उघडण्याआधी डॉक्टरांना सांगा, पँटोप्राझोलची वेळ किंवा डोस बदलून काम होईल. वायसोलोन भरल्या पोटी घेते ना, तेवढं बघ.

पपनस ग्रेपफ्रूटच्या जवळचं फळ आहे, त्यातही तशीच द्रव्यं असतात. आज जी औषधं आहेत त्यांत एखाद-दुसरी फोड खाल्ल्याने काही बिघडू नये. पण लघवीतली प्रथिनं आटोक्यात येईनात म्हणून उद्या टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती आवरणारं औषध सुरू केलं, ल्युपसच्या किडनीत ते देतात, तर पपनस पूर्ण बंद. किडनी बदललेल्या एका रुग्णाची टॅक्रोलिमसची पातळी पपनसाने चढल्याची नोंद आहे. फाइलच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेव, गणपतीला अजून वेळ आहे तोवर विसरायला होईल.